इंदुरात वर्षभराचा रंगमंचीय हंगाम आखताना

प्रश्न थोडक्यात असा: इंदुरातल्या एका मराठी मंडळाला जुलै ते मार्च या काळात शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात मिश्र हंगाम करायचा आहे. त्यात मराठी आणि हिंदी नाटक, शास्त्रीय गायन, कथक, माळव्याची लोककला आणि बालनाट्य असे एकूण आठ-नऊ कार्यक्रम असतील. सभासद सध्या सहाशेच्या आसपास आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि अशा हंगामात गोष्टी नेमक्या कुठे बिघडतात?

सुरुवात कॅलेंडरपासून करा, त्यानंतर मंच बघा आणि कलाकारांना फोन सगळ्यात शेवटी. बहुतेक मंडळं हे उलट करतात. आधी आवडती नावं ठरतात, मग त्यांच्या तारखा, मग नाट्यगृह मिळेल ते. असा हंगाम कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक कार्यक्रमाला मंच अपुरा तयार असतो, कारण नाटकाला, मैफलीला आणि नृत्याला एकाच मंचाकडून तीन वेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि एकातून दुसऱ्यात जायला तास लागतात. तुम्ही नाट्यगृहाचे तास विकत घेता. वैविध्य त्या तासांमध्ये बसवायचं असतं.

आधी इंदूरचं कॅलेंडर. काही दिवस सरळ काट मारून टाका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, मध्य शहर रात्रभर बंद असतं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, त्या दिवशी तर कुणी नाट्यगृहाकडे फिरकणार नाही. गणपतीचे दहा दिवस आपले प्रेक्षक घरच्या आणि कॉलनीच्या गणपतीत असतात. नवरात्रात संध्याकाळी गरबा. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते. तेव्हा प्रेक्षकही अडकलेले असतात आणि ध्वनी-प्रकाशवाल्यांची चांगली माणसं आणि चांगलं सामानही लग्नांकडे वळतं, म्हणून त्या आठवड्यांतल्या कार्यक्रमासाठी सामान दीड-दोन महिने आधी पक्कं करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. दहावी-बारावीचं मूल असलेलं अख्खं घर तेव्हा येत नाही, त्यामुळे बालनाट्य आणि कुटुंबाने बघायचं नाटक या महिन्यांत ठेवू नये. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आणि ग्वाल्हेरला तानसेन समारोह असतो. मोठ्या गायक-वादकांच्या तारखा त्या पंधरवड्यात मिळणं अवघड, पण ग्वाल्हेरला येणारा कलाकार परतीच्या वाटेवर एक दिवस इंदुरात थांबू शकतो का, हे चार-पाच महिने आधी विचारण्यासारखं आहे.

उरलेल्या आठवड्यांत साधारण अशी मांडणी जमते. जुलैत दोन-तीन पात्रांचं, हलक्या नेपथ्याचं नाटक, कारण पावसात सेट आणणाऱ्या टेम्पोचा भरवसा नसतो. ऑगस्टमध्ये वर्षा ऋतूच्या रागांची मैफल. पितृपक्षात बरेच जण कार्यक्रम टाळतात. नाटकाला मात्र हे दिवस चांगले, कारण नाट्यगृह सहज मिळतं आणि प्रेक्षक मोकळा असतो. दिवाळीत पहाटेचं गाणं. शाळेच्या दिवाळी सुटीत बालनाट्य. डिसेंबर-जानेवारीत कथक आणि मोठ्या नेपथ्याचं नाटक. फेब्रुवारीत माळव्याची लोककला आणि स्थानिक हौशी संस्थेचा प्रयोग. शेवटचा कार्यक्रम रंगपंचमी आणि गुढीपाडवा यांच्यातल्या दहा-अकरा दिवसांत.

आता पैशाचा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणजे मुंबई-पुण्याहून येणारं नाटक. मुंबई ते इंदूर रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. नट अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीत येतात, सेट टेम्पोने नाशिक-धुळे-सेंधवा या आग्रा रोडने येतो. हा खर्च एक प्रयोग करा की पाच, तेवढाच राहतो. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ: प्रवास, टेम्पो, मुक्काम मिळून १,८०,००० रुपये, आणि दर प्रयोगाचं मानधन व नाट्यगृह मिळून १,२०,००० रुपये. एकच प्रयोग केला तर खर्च ३,००,०००, म्हणजे सहाशे खुर्च्यांवर माणशी ५०० रुपये. दोन प्रयोगांत प्रवास वाटला गेला की माणशी ३५०, तीनमध्ये ३००, पाचमध्ये २६०. इंदुरात सानंद न्यास या मराठी सांस्कृतिक संस्थेने सभासदांचे गट पाडून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग करण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यामागे हे गणित आहे. तुमच्याकडे सहाशेच सभासद आहेत, म्हणजे इंदुरात एका प्रयोगापुरते. तेव्हा जोडीदार शोधा. देवास जेमतेम ३५ किलोमीटरवर, उज्जैन ५५, भोपाळ १९० च्या आसपास. शनिवारी इंदूर, रविवारी उज्जैन किंवा भोपाळ असं ठरलं की प्रवास अर्धा होतो. पण दुसऱ्या गावचा मंच तुमच्यापेक्षा लहान असेल तर निर्मात्याला ते करारापूर्वी सांगा. सेट तिथे बसला नाही, तर दुसरा प्रयोग रद्द होईल आणि तुमचा हिशेब पुन्हा ५०० वर येईल.

निर्माते शनिवार-रविवार सहसा सोडत नाहीत, कारण महाराष्ट्रात त्या दोन दिवसांवरच त्यांचं आठवड्याचं उत्पन्न उभं असतं. एका प्रयोगासाठी रविवार मागू नका. शुक्रवार संध्याकाळ मागा, शनिवारी ते परतीच्या वाटेवर दुसरा प्रयोग करू शकतील अशा बेताने.

टेम्पो आदल्या रात्री इंदुरात पोचायला हवा. सकाळी पोचेल, दुपारी सेट लागेल, हा हिशेब कधीही करू नये. बिजासन घाटात एक ट्रक आडवा झाला की चार-पाच तास जातात, आणि मोठ्या नाटकाचा सेट लावायला तीन ते चार तास, प्रकाश लावायला त्यानंतर दोन तास हवेत. सात वाजताच्या प्रयोगासाठी मंच सकाळी दहापासून ताब्यात हवा. अनेक नाट्यगृहं सत्रावर भाडं घेतात आणि सकाळचं सत्र दुसऱ्याला देऊन टाकतात. नाटकाच्या दिवशी दोन सत्रं घ्या, भाडं वाचवायला जाऊ नका. सेट उतरवायला आणखी दीड तास धरा, म्हणजे रात्री साडेअकरापर्यंत वॉचमन, वीज आणि चार माणसं लागतात. हे तास नाट्यगृहाच्या पावतीत लिहून घ्या.

नाटकाच्या निर्मात्याकडून पंधरा दिवस आधी तीन कागद मागवा: मंचाचा नकाशा, प्रकाशयोजनेची यादी, ध्वनीची यादी. त्यांना तुमच्याकडून पाठवा: पडद्याच्या ओळीवरची मंचाची रुंदी, खोली, झालरीपर्यंतची उंची, विंगांची संख्या आणि विंगेमागची मोकळी जागा, मागच्या दाराची रुंदी-उंची, दिवे-पडदे टांगायचे किती बार (आडवे नळ) खाली येतात, एकेकावर किती वजन चालतं. दाराचं माप लोक विसरतात. आठ फुटी फ्लॅट (नेपथ्याची सपाट चौकट) आडवा-तिरपा करून आत येतो, पण जिन्याचं किंवा दुमजली घराचं नेपथ्य असेल तर त्याचा एखादा जोडीव भाग सात फुटी दारातून येत नाही, आणि मग तो बाहेर सोडवून आत पुन्हा जोडावा लागतो. त्यात एक तास जातो.

विजेचा हिशेब स्वतः करा. एक किलोवॅटचे ३६ दिवे म्हणजे ३६ किलोवॅट. तीन फेजवर सारखे वाटले तर दर फेजला १२ किलोवॅट, २३० व्होल्टला सुमारे ५२ अँपिअर. ६३ अँपिअरचा पुरवठा असेल तर चालतं, पण घाईत कुणी २० दिवे एकाच फेजवर ओढले की पहिल्या अंकात फ्यूज उडतो. जनरेटर ६२.५ केव्हीएचा घ्यावा. तो प्रत्यक्षात सुमारे ५० किलोवॅट देतो, त्यात दिवे आणि ध्वनी बसतात. वातानुकूलन त्यावर घालू नका. ध्वनीची लाईन डिमरच्या (दिवे मंद करणाऱ्या यंत्राच्या) फेजवर नको, नाहीतर दिवे मंद केले की स्पीकरमधून गुणगुण येते. नाटकात ती कदाचित खपेल, तानपुऱ्याच्या मागे मात्र ती संपूर्ण मैफल बिघडवते. एलईडी पारमुळे (एलईडीच्या रंगमंचीय दिव्यांमुळे) भार खूप कमी होतो. पण जुन्या नाटकांची प्रकाशयोजना हॅलोजनच्या उबदार रंगावर बांधलेली असते, म्हणून सगळे दिवे बदलून टाकण्याआधी प्रकाशयोजनाकाराला विचारा.

ध्वनीबद्दल थोडं सविस्तर, कारण मिश्र हंगामात सर्वांत जास्त तक्रारी त्याच्या येतात आणि त्या बहुतेक वेळा टाळता येण्याजोग्या असतात. नाटकाला हँगिंग (वरून टांगलेले) आणि फूटमाईक (मंचाच्या पुढच्या कडेवरचे) लागतात. ऐकू येत नाही म्हणून माईक वाढवत जाणं, ही सर्रास होणारी चूक. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी मिळणारी पातळी सुमारे ३ डेसिबलने घटते. चारचे आठ केले, तर आवाज उलट कमीच वाढवता येतो. पुढे तीन फूटमाईक, वर दोन हँगिंग, आणि ध्वनिसंयोजकाने प्रवेशानुसार नको ते बंद ठेवणं, इतकं बहुतेक संवादी नाटकांना पुरतं. त्यासाठी त्याच्या हातात संहिता असावी लागते. नाट्यगृहाचा नेहमीचा माणूस प्रयोगभर सगळे माईक उघडे ठेवून बसतो, कारण त्याला पुढचं वाक्य कोण कुठून बोलणार हे माहीत नसतं. त्याला आदल्या दिवशी नाटकाचं चित्रण दाखवा, एवढ्यानेही फरक पडतो. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर असतील तर त्यांना विलंब द्यावा लागतो. मुख्य स्पीकरपासून ते १७ मीटरवर असतील तर साधारण ५० मिलिसेकंद, अधिक आठ-दहा. तो दिला नाही तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि ते “आवाज कमी आहे” अशी तक्रार करतात. मग आवाज वाढवला जातो आणि दुखणं बळावतं.

मैफलीला नेमकं उलट हवं. गायक, तबला, पेटी आणि दोन तानपुरे यांना पाच-सहा चांगले माईक पुष्कळ झाले. मंचावर १६ बाय १२ फुटांची, एक ते दीड फूट उंचीची बैठक, तिच्या खाली पोकळ आवाज न येईल अशी भक्कम रचना, वर गादी, चादर. वातानुकूलनाचा झोत बैठकीवर येता कामा नये. तबल्याची पुडी (वरचं कातडं) आणि तानपुऱ्याच्या तारा तापमान आणि दमटपणा बदलला की स्वर सोडतात. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेत पुडी उतरते, आणि थंड कोरड्या सभागृहात आणली की चढू लागते. ऑगस्टच्या मैफलीला सभागृह दोन तास आधी थंड करा, वाद्यं तासभर आधी मंचावर ठेवा, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर तापमानाला हात लावू नका. रंगपटातली एक खोली फक्त तानपुरे जुळवायला राखून ठेवा आणि तिथे फुलं घेऊन, फोटोसाठी कुणाला सोडू नका. खुर्च्या-गालिच्यांच्या मोठ्या नाट्यगृहात आवाज लवकर मरतो. संवादाला ते सोयीचं, गळ्याला कोरडं. किंचित रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घालावा लागतो, पण तो किती हे कलाकाराने स्वतः खाली बसून शिष्याला गायला लावून ठरवावं.

आणि हंगामातली एक तरी मैफल रविवारी सकाळी साडेनऊला ठेवा. संध्याकाळीच ऐकणाऱ्या प्रेक्षकाला तोडी, जौनपुरी, देसकार समोर बसून ऐकायला मिळत नाहीत. अमीर खाँसाहेबांच्या शहरात आणि कुमार गंधर्वांच्या देवासच्या शेजारी असा श्रोता नक्की आहे, तो सकाळी येतो. नाट्यगृहाचं सकाळचं सत्र बहुधा स्वस्तही पडतं.

नृत्याचा मंच सगळ्यात नाजूक. कथकला गालिचा चालत नाही, सिमेंटवर थेट चिकटवलेलं प्लायही नाही. त्याने नर्तकांच्या नडग्या आणि गुडघे दुखावतात. लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर १८ किंवा १९ मिलिमीटरचं प्लाय, सांधे सपाट, स्क्रूची डोकी आत गेलेली. समूहासाठी निदान २४ बाय २० फूट मोकळं. घुंगरांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला दोन सपाट माईक, पण तबल्याच्या जवळ नकोत. प्रकाश समोरून भरपूर टाकला की शरीर चपटं दिसतं. नृत्याला विंगेतून बाजूचे दिवे लागतात: गुडघ्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन खांब. त्यासाठी विंगेत जागा हवी, आणि नेमकी तिथेच नाटकाची मंडळी सेटचे भाग उभे करून ठेवतात.

म्हणून एकाच आठवड्यात नृत्य आणि नाटक आलं, तर नृत्य आधी ठेवा. नाटकानंतर मंचावर खिळे, स्क्रू, टेपचा चिकटा राहतो. धुराचं यंत्र वापरलं असेल तर तेलकट पातळ थर राहतो आणि अनवाणी पाय घसरतो. उलटा क्रम टाळता येतच नसेल, तर मध्ये किमान चार तास ठेवा: आधी मोठा लोहचुंबक फिरवून घ्या, मग झाडू, मग कोमट पाणी आणि थोडा साबण, मग नुसत्या पाण्याने दोनदा पुसून घ्या, आणि शेवटी कुणीतरी अनवाणी चालून बघा. मैफलीचं तसं नाही, ती कशाच्याही आधी-नंतर बसते. मधला पडदा पाडून त्याच्यापुढे दहा-बारा फूट जागा मिळत असेल तर नाटकाचा सेट मागे उभा असतानाही सकाळची मैफल होऊ शकते. त्यामुळे शनिवारी नाटक, रविवारी सकाळी गाणं, रविवारी संध्याकाळी पुन्हा नाटक असा आठवडा एका सेटमध्ये निघतो.

लोककला बंद नाट्यगृहात आणताना विचार करा. माच हा उंच मंचावर, उघड्यावर, रात्रभर चालणारा गायनप्रधान खेळ, ढोलक आणि सारंगी त्याचा जीव. त्याला दीड तासात कोंबायचं असेल तर मंडळीशी बोलून एकच कथा निवडा, आणि बंद सभागृहात ढोलकावर माईक ठेवू नका. कबीराच्या निर्गुणी भजनांना बंदिस्त सभागृह छान मानवतं. उघड्यावर काही करायचं झालं तर लक्षात ठेवा, ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंद सभागृहाला यातून सूट आहे. दिवाळी पहाट बागेत ठेवलीत तर ध्वनिवर्धक सहाच्या आधी सुरू करू नका.

बालनाट्याला फार काही लागत नाही: सकाळी अकराची वेळ, ६० ते ७५ मिनिटं, मध्यंतर नाही, आणि पूर्ण काळोख नाही. लहान मुलं अंधारात रडतात आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात.

परवानग्यांचं पाहू. नाटकाच्या लेखकाची लेखी परवानगी, विशेषतः स्थानिक हौशी प्रयोगासाठी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे “जुनं नाटक आहे” हे कारण पुरत नाही. ध्वनिमुद्रित संगीत वाजणार असेल, अगदी मध्यंतरात सुद्धा, तर त्याचा परवाना वेगळा. नाटक, नृत्य आणि संगीताच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटीतून सूट आहे, आणि लोक किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराच्या १,५०,००० रुपयांपर्यंतच्या मानधनालाही. तिकिटाचे दर ठरवताना ही मर्यादा समोर ठेवा. वर्षाच्या सभासदत्वात कोणत्या कार्यक्रमाचा किती वाटा, हे पावतीवर सुटं दाखवा.

सभासदांबाबत दोनच सूचना. पहिली, सगळ्या खुर्च्या सभासदांना विकू नका. दर कार्यक्रमाच्या दहा-पंधरा टक्के सुट्या ठेवा, विद्यार्थ्यांना कमी दरात. कथक बघायला नाटकाचा सभासद येईलच असं नाही, पण नृत्यशाळेतली मुलं नक्की येतील, आणि रिकाम्या पहिल्या रांगांपुढे नाचायला कुणालाही अवघड जातं. दुसरी, प्रवेशपत्र हस्तांतरित करता यावं आणि येणार नसल्यास दोन दिवस आधी कळवण्याची सोय असावी. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर इथून गाडी काढून येणाऱ्या ज्येष्ठांसाठी प्रयोग साडेसहाला सुरू करा, नऊला सोडा. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातली थंडी रात्री दहानंतर त्यांना झेपत नाही. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद, आणि उशिरा येणाऱ्याला मैफलीत एक राग संपेपर्यंत, नाटकात पहिल्या प्रवेशबदलापर्यंत बाहेर थांबवा. हा नियम अध्यक्षांच्या पाहुण्यांनाही लागू करा, तरच तो टिकतो.

शेवटी करार. मानधनाचा काही भाग आगाऊ, उरलेला प्रयोगाआधी दुपारी, असा रिवाज आहे. पण करारात तीन ओळी असू द्या: कलाकार आजारी पडल्यास बदली तारीख कोण देणार, टेम्पो वेळेत न पोचल्यास प्रयोग किमान सेटवर करायचा की पुढे ढकलायचा, आणि नाट्यगृहाने ऐनवेळी जागा काढून घेतल्यास भाडं आणि प्रवासखर्च कुणाकडे. सरकारी सभागृहं शासकीय कार्यक्रमासाठी रिकामी करून मागितली जातात, हे गृहीत धरा. म्हणून हंगामातल्या दोन मोठ्या कार्यक्रमांसाठी शहरातलं दुसरं एखादं सभागृह पर्याय म्हणून बोलून ठेवा, त्याच्या मंचाची मापं आधीच घेऊन ठेवा, आणि ती पहिल्या सभागृहाच्या नकाशासोबतच निर्मात्याला पाठवा.